मेरी प्रिन्स : घरी परतायचे आहे, पण गुलाम म्हणून नव्हे

सांजवारा

२४ जून १८२९ रोजी ब्रिटिश संसदेपुढे एक अर्ज आला. अर्जदार होती कॅरिबियनमधील अँटिग्वा बेटावरून लंडनला आणलेली एक काळी स्त्री, आणि तिचे नाव अर्जात ‘मेरी प्रिन्स किंवा जेम्स, जिला मॉली वुड म्हणून ओळखतात’ असे दिले होते. प्रिन्स हे तिच्या वडिलांचे नाव, जेम्स हे नवऱ्याचे आडनाव आणि वुड हे तिच्या मालकाचे. तिला अँटिग्वाला आपल्या नवऱ्याकडे परत जायचे होते, पण गुलाम म्हणून जायचे नव्हते, आणि संसदेने यावर काही उपाय करावा एवढेच तिचे मागणे होते. तो उपाय झाला नाही. गेले काही महिने मी या बाईविषयी वाचते आहे आणि प्रत्येक वेळी याच अर्जापाशी येऊन थांबते, म्हणून हा धागा काढला आहे.

एक खुलासा आधीच करते. मी तिच्यासाठी ‘दासी’ हा शब्द वापरणार नाही. आपल्या कानांवर ‘नामयाची दासी’ इतक्या वेळा पडले आहे की त्या शब्दाला स्वेच्छेची आणि भक्तीची ऊब चिकटली आहे. मेरीच्या आयुष्यात ती ऊब कुठेही नव्हती. म्हणून ‘गुलाम’ हाच शब्द, तो आपल्याकडे पुल्लिंगी वाटला तरीही.

तिचा जन्म १७८८ च्या सुमारास बर्म्युडातील ब्रॅकिश पॉन्ड येथे झाला. आई घरकाम करणारी गुलाम, वडील लाकूड कापणारे करवत्ये, आणि दोघांचे मालक वेगळे. मेरी तान्ही असतानाच एका कप्तानाने तिला आईसकट विकत घेतले आणि आपल्या लहान नातीला, बेट्सी विल्यम्सला, देऊन टाकले. बेट्सी तिला आपली छोटी गुलाम म्हणून सगळीकडे घेऊन फिरे. आपल्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ तोच होता, असे मेरीने नंतर सांगितले, कारण आपण कोण आहोत हे समजण्याइतके वय तेव्हा झाले नव्हते. ते समजले बाराव्या वर्षी. घरची मालकीण वारली, तिच्या नवऱ्याला दुसरे लग्न करायचे होते, आणि त्या लग्नाच्या खर्चासाठी मेरी आणि तिच्या दोन बहिणी, हॅना आणि डायना, विकायला काढल्या गेल्या.

विक्रीच्या दिवशी सकाळी आईने तिघींना जाड्याभरड्या कापडाचे नवे कपडे घातले. ते घालताना ती म्हणत होती की मी माझ्या लेकरांना कफन चढवते आहे. मग ती स्वतःच त्यांना बाजारात घेऊन गेली, कारण मालकाचा हुकूमच तसा होता. लिलाव करणाऱ्याने सर्वांत थोरली कोण ते विचारले, मेरीचा हात धरून तिला रस्त्याच्या मधोमध उभे केले आणि सगळ्यांना नीट दिसावे म्हणून सावकाश गोल फिरवले. खाटीक वासरू किंवा कोकरू चाचपतो तसे अनोळखी लोकांनी तिला चाचपले आणि तिच्या बांध्याविषयी तिच्यासमोरच मोठ्याने बोलले, जणू तिला भाषाच कळत नाही. बर्म्युडाच्या चलनात ५७ पौंडांना, म्हणजे इंग्लंडच्या सुमारे ३८ पौंडांना, ती गेली. तिच्या वयाच्या मुलीसाठी ही मोठी किंमत आहे, असे आजूबाजूचे लोक म्हणत होते. तिघी बहिणी तीन घरांत गेल्या आणि आई रिकाम्या हातांनी परतली.

स्पॅनिश पॉइंट येथील नव्या घरात हेटी नावाची एक गुलाम स्त्री होती. ती मेरीशी मायेने वागे, आणि त्या घरात तेवढीच माया होती. एक गाय दावे सोडवून सुटली म्हणून मालकाने गरोदर हेटीला बांधून रक्तबंबाळ होईपर्यंत फटके मारले. तिला मेलेले मूल झाले, पुढे तिचे अंग सुजत गेले आणि ती वारली. तिची सगळी कामे मेरीच्या अंगावर पडली. एकदा मार असह्य होऊन मेरी आईकडे पळून गेली, तेव्हा आईने तिला खडकातील एका कपारीत लपवले आणि रात्री तिथे अन्न पोचवले. शेवटी वडील तिला घेऊन मालकाच्या दारात गेले आणि मुलीशी जरा दयेने वागा, अशी त्यांनी विनवणी केली. काहींना हे वडिलांचे भेकडपण वाटते. मला तसे वाटत नाही. मुलगी पळाली तर तिला आसरा देणाऱ्यांची काय गत होईल हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यांच्या हाती विनवणीपलीकडे काहीच नव्हते. त्या दिवशी मात्र बापामागे उभ्या असलेल्या त्या मुलीने मालकाला तोंडावर सांगितले की हा मार आता मला सोसवत नाही.

साधारण पाच वर्षांनी तिला टर्क्स बेटावर मिठागरांत पाठवले गेले. तिथे तिची सुमारे दहा वर्षे गेली. त्यानंतर ती तिथल्या मालकाबरोबर बर्म्युडाला परतली. हा मालक स्वतःला आंघोळ घालायला तिला भाग पाडत असे, आणि एके दिवशी तिने त्याला सरळ नकार दिला. मग १८१५ च्या सुमारास ३०० डॉलरांना ती जॉन अॅडम्स वुड याला विकली गेली आणि अँटिग्वाला आली. या विक्रीत तिची स्वतःचीही इच्छा होती, कारण जुन्या मालकाच्या घरातून तिला कसेही करून बाहेर पडायचे होते.

अँटिग्वातील काळाकडे माझे मन जास्त ओढते, कारण इथे ती स्वतःचे आयुष्य उभे करताना दिसते. संधिवाताने तिचे अंग धरले होते, तरी मालक बाहेरगावी गेले की ती लोकांचे कपडे धुवायला घेई, बंदरात आलेल्या जहाजांच्या कप्तानांना कॉफी आणि कोनफळासारखे कंद विके, जहाजावरून स्वस्तात डुक्कर घेऊन किनाऱ्यावर दुप्पट भावाने विके. हा सगळा पैसा ती स्वतःला विकत घेण्यासाठी साठवत होती. मोरेव्हियन ख्रिस्ती मिशनच्या बायकांकडून ती वाचायला शिकली. १८२६ च्या डिसेंबरात तिने डॅनियल जेम्स याच्याशी मोरेव्हियन देवळात लग्न केले. तो सुतारकाम आणि पिपे बनवण्याचे काम करी आणि त्याने स्वतःचे स्वातंत्र्य स्वतःच्या कमाईने विकत घेतले होते. मालकाला न विचारता लग्न केल्याबद्दल वुडने तिला घोड्याच्या चाबकाने मारले. स्वातंत्र्याची किंमत द्यायला ती तयार होती, दुसरे लोकही तिच्यासाठी पैसे द्यायला तयार होते, पण वुड तिला विकायला कधीच तयार झाला नाही.

१८२८ साली वुड कुटुंबाने तिला लंडनला आणले. तिथे मोठमोठ्या धुण्यांनी तिचे दुखणे बळावले, आणि तक्रार केली की ‘जमत नसेल तर चालती हो’ असे तिला सुनावले जाई. असे अनेकदा झाल्यावर ती आपली पेटी घेऊन खरोखरच बाहेर पडली. बुटांना पॉलिश करणाऱ्या एका माणसाने आणि त्याच्या बायकोने तिला काही महिने आसरा दिला. नोव्हेंबर १८२८ मध्ये ती गुलामगिरीविरोधी संस्थेच्या कचेरीत पोचली, आणि पुढे संस्थेचे चिटणीस थॉमस प्रिंगल यांच्या घरी कामाला लागली. आपली कहाणी इंग्लंडमधील लोकांना कळावी ही इच्छा तिचीच होती. ती सांगत गेली, सुझाना स्ट्रिकलंड लिहून घेत गेल्या, प्रिंगल यांनी संपादन केले आणि १८३१ मध्ये ते पुस्तक छापले गेले. त्याच वर्षी त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. काळ्या स्त्रीच्या तोंडून उतरवलेले असे आत्मकथन ब्रिटनमध्ये त्याआधी छापले गेले नव्हते.

लंडनमध्ये ती मोकळी होती. अँटिग्वाच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवताच ती पुन्हा वुडची मालमत्ता होणार होती. नवरा तिकडे आणि सुटका इकडे, मध्ये सगळा अटलांटिक. मालकांच्या चाबकाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पण कायद्याने तिच्यापुढे ठेवलेली ही निवड मला चाबकाइतकीच क्रूर वाटते.

पोटकलम

सांजवाराताई, धागा फार तळमळीने लिहिला आहे. तुम्ही जिथे थांबलात तिथून कायद्याची बाजू थोडी पुढे नेतो.

१७७२ च्या सॉमरसेट खटल्यात लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी असा निर्णय दिला की गुलामाला इंग्लंडमधून बळजबरीने बाहेर नेता येणार नाही. इंग्लंडमध्ये आलेला गुलाम कायमचा मुक्त होतो, असा अर्थ त्यातून पुष्कळांनी काढला, परंतु निकाल तेवढा व्यापक नव्हता. १८२७ साली ग्रेस नावाच्या गुलाम स्त्रीचा खटला लॉर्ड स्टॉवेल यांच्यापुढे आला. ती मालकिणीबरोबर १८२२ मध्ये इंग्लंडला गेली होती आणि पुढच्या वर्षी परतली होती. ती इंग्लंडला जाऊन आली म्हणून स्वतंत्र झाली काय, हा प्रश्न होता. स्टॉवेल यांचे उत्तर असे की इंग्लंडमधील वास्तव्यापुरता मालकाचा हक्क लागू होत नाही, पण ती स्वेच्छेने वसाहतीत परतली की गुलामगिरीची स्थिती पुन्हा जशीच्या तशी जिवंत होते. आणि ही ग्रेस कुठली, तर अँटिग्वाचीच. मेरी लंडनला आली ती या निकालाच्या पुढच्याच वर्षी. त्यामुळे तिला परत जाण्यात काय धोका आहे हे तिच्या वकिलांना तर्काने शोधावे लागले नाही, ते ताज्या निकालात स्पष्ट लिहिलेले होते. म्हणूनच वुडच्या सहीच्या मुक्तिपत्रासाठी एवढी धडपड झाली. अँटिग्वाच्या गव्हर्नरामार्फतही त्याला विचारणा झाली, तरी त्याने नकारच दिला.

खाडीकाठ

मिठागरांविषयी ताईंनी एकच ओळ लिहिली आहे. माझ्या आजोबांचे आयुष्य उरणकडच्या मिठागरांत गेले, त्यामुळे मेरीच्या कथनातील तो भाग मी दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना मला मध्येच उठावे लागले.

पहाटे चारला त्यांच्या हाती अर्धे पिंप आणि फावडे दिले जाई आणि ते गुडघाभर खारट पाण्यात उतरत. नऊ वाजता उकडलेला मका मिळे, तोही पाऊस येऊन मीठ विरघळेल या धास्तीने भराभर गिळायचा. मग पुन्हा भर उन्हात काम. डोक्यावर ऊन, अंगावर मिठाचा थर, त्यामुळे कपड्याबाहेर असलेल्या प्रत्येक जागी फोड येत. सतत खारट पाण्यात उभे राहिल्याने पायांना जखमा होत आणि त्या काहींच्या बाबतीत हाडापर्यंत जात. संध्याकाळी मिठाचे ढीग लावायचे, मग समुद्रात जाऊन अंगावरचा आणि फावड्यांवरचा खार धुवायचा. झोपायला एक लांब छप्पर, त्यात गुरांच्या दावणीसारखे अरुंद कप्पे आणि खुंटांवर ठोकलेल्या उघड्या फळ्या. रविवारी मिठाच्या पिशव्या धुऊन झाल्या की ते झुडपांत जाऊन गवत कापून आणत, पाय टेकायला काही मऊ असावे म्हणून.

आजोबांच्या पायांना भेगा होत्या, आजी रात्री त्यांत तेल भरायची. ते काम गरिबीचे होते, कष्टाचे होते, पण संध्याकाळी ते घरी येत आणि पाय चोळायला घरचे माणूस असे. म्हणून मी दोन्ही गोष्टी एका मापाने मोजणार नाही. त्या कथनात डॅनियल नावाचा एक लंगडा म्हातारा आहे. तो कामात मागे पडे म्हणून त्याला काटेरी फांदीने सोलून काढत आणि उघड्या मांसावर मिठाची बादली ओतत. मीठ जखमेवर पडले की काय होते हे मिठागरात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

हे मीठ जायचे कुठे, तर बरेचसे उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर मासे खारवण्यासाठी. त्यांतलाच हलक्या प्रतीचा खारवलेला मासा पुन्हा कॅरिबियन बेटांवर येई, गुलामांचे अन्न म्हणून.

शेवंती

मला एक शंका मोकळेपणाने मांडायची आहे. सांगणारी मेरी, लिहून घेणारी गोरी स्त्री, संपादन करणारा गोरा पुरुष, आणि पुस्तक छापण्यामागे चळवळीचा हेतू. मग यातला मेरीचा आवाज किती? तिच्या तोंडी प्रार्थनेची आणि पश्चात्तापाची जी भाषा येते ती तिची की श्रोत्यांना आवडावी म्हणून घातलेली?

सांजवारा

शेवंती, तुमची शंका रास्त आहे आणि तिला आधारही आहे. प्रिंगल यांनी प्रस्तावनेत लिहिले आहे की मेरीचे शब्द शक्यतो जसेच्या तसे ठेवले, फक्त पुनरुक्ती आणि व्याकरणाच्या चुका काढल्या. पण चुकांखेरीज आणखीही काही काढले गेले होते, हे न्यायालयात उघड झाले.

पुस्तक आल्यावर गुलाममालकांच्या बाजूच्या एका मासिकातून मेरीच्या चारित्र्यावर चिखलफेक झाली. प्रिंगल यांनी त्या मासिकाच्या लंडनमधील प्रकाशकावर दावा लावला, आणि वुडने प्रिंगल यांच्यावर अब्रुनुकसानीचा. दोन्ही खटले १८३३ च्या सुरुवातीला चालले आणि दोन्हींत मेरी साक्षीला उभी राहिली. वुडच्या खटल्यात तिने सांगितले की लग्नापूर्वी कॅप्टन अॅबट नावाच्या माणसाशी तिचे सात वर्षे संबंध होते, आणि हे सगळे आपण मिस स्ट्रिकलंड यांना कथन देतानाच सांगितले होते. पुस्तकात यातले काहीच नाही. चळवळीच्या धर्मशील वाचकांना निष्कलंक पीडिता हवी होती, म्हणून ते गाळले गेले असे मी समजते. तिने लपवले नव्हते, तिच्या मित्रांनी लपवले. वेस्ट इंडीजमधून साक्षीदार आणणे प्रिंगल यांना शक्य झाले नाही आणि वुडला २५ पौंडांची भरपाई मिळाली.

आणखी एक कागद या संदर्भात पाहावा. तिसऱ्या आवृत्तीला प्रिंगल यांच्या पत्नीचे मार्च १८३१ चे एक पत्र जोडलेले आहे. मेरीच्या पाठीवर फटक्यांचे वण खरोखर आहेत काय, अशी वाचकांकडून विचारणा होऊ लागली होती. तेव्हा चार स्त्रियांनी तिची पाठ उघडी करून पाहिली आणि वण आहेत, खोल आहेत, असे लिहून दिले. हेतू चांगला होता हे मी मान्य करते. पण बाराव्या वर्षी बाजारात जिला गोल फिरवून पाहिले, तिलाच चाळिशीत, शब्दांवर विश्वास ठेवला जावा म्हणून, पुन्हा अंग दाखवावे लागले. हे पत्र वाचताना मला लिलावाचे पान आठवल्यावाचून राहिले नाही.

तरीही आवाज हरवत नाही. कथनाच्या शेवटी ती इंग्लंडमधील त्या लोकांवर संतापते जे म्हणतात की गुलाम सुखात आहेत, त्यांना स्वातंत्र्य नको. तिचे म्हणणे असे की इंग्लंडमधले नोकरही काम करतात, पण त्यांना मजुरी मिळते, चाबूक मिळत नाही, वाईट मालक सोडून चांगला शोधता येतो. आम्हालाही तेवढेच द्या, आम्ही काम करू. हा युक्तिवाद चळवळीच्या पत्रकातला नाही. वुडच्या घरातील मजुरीवर राबणारी नोकरमाणसे पाहून आणि तेच काम फुकट करून तो आलेला आहे.

मोडीवाचक

आपल्या बाजूचा संबंध जोडायचा असेल तर जपून जोडावा असे वाटते, पण तो आहे. पेशवाईतील दफ्तरांत ‘कुणबीण’ आणि ‘बटीक’ हे गुलाम स्त्रीसाठीचे शब्द जागोजागी येतात. सरकारी कोठ्यांत, पागेत आणि सरदारांच्या वाड्यांत या स्त्रिया राबत, त्यांची खरेदी-विक्री होई, त्या दिल्या-घेतल्या जात, आणि व्यभिचाराचा ठपका ठेवूनही बायकांना कुणबीण केले जाई. त्यांचे नाव, वय, किंमत हे सापडते. मी वाचलेल्या कागदांत त्यांचे स्वतःचे बोलणे एकदाही सापडले नाही.

पोटकलम

मोडीवाचक यांच्या प्रतिसादाला जोडून सांगतो. १८३३ चा गुलामगिरी निर्मूलनाचा कायदा १ ऑगस्ट १८३४ पासून अमलात आला, पण ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातील प्रदेश त्यातून स्पष्टपणे वगळले होते. हिंदुस्थानात १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामावरील हक्क न्यायालयांनी मानणे बंद झाले, आणि गुलामांची खरेदी-विक्री गुन्हा ठरायला १८६० ची दंडसंहिता यावी लागली. १८३३ च्या कायद्यात भरपाईसाठी २ कोटी पौंड मंजूर झाले, ते सर्व मालकांसाठी. त्यासाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये केली. ज्यांना विकले गेले त्यांना त्यातला एक पौंडही मिळाला नाही. बर्म्युडा आणि अँटिग्वा येथे मात्र इतर वसाहतींसारखा सक्तीच्या उमेदवारीचा, म्हणजे कायद्याने मुक्त होऊनही काही वर्षे जुन्या मालकाकडेच राबण्याचा, काळ ठेवला नाही, तिथले गुलाम १८३४ मध्येच मुक्त झाले. म्हणजे मेरीच्या अर्जानंतर पाच वर्षांनी अँटिग्वात तिला गुलाम म्हणू शकेल असा कायदा उरला नव्हता.

शेवंती

सांजवाराताई, उत्तराबद्दल आभार. तुम्ही लिहिले की आई रिकाम्या हातांनी परतली. मेरी मिठागरांत गेल्यावर मायलेकी पुन्हा भेटल्या का?

सांजवारा

भेटल्या, टर्क्स बेटावर. काही वर्षांनी बर्म्युडाहून एक गलबत आले आणि कोणीतरी मेरीला सांगितले की त्यात तुझी आई आहे. तिचा आधी विश्वास बसेना. ती किनाऱ्यावर धावली. आईबरोबर एक चिमुकली मुलगी होती, रिबेका, मेरीने आजवर न पाहिलेली बहीण. आईने त्याआधी कधी समुद्रप्रवास केला नव्हता, आणि वाटेत मोठे वादळ झाले होते. मेरी तिच्याशी बोलू लागली तेव्हा आईचे चित्त ठिकाणावर नव्हते. ती काहीबाही बोलत होती, आणि मधूनच सांगत होती की मी जहाजाच्या तळाखाली जाऊन आले आहे.